पंचवीस वर्षांची सुट्टी आज विकत घ्यावी का?

(खातेदारांच्या आर्थिक साक्षरता मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



बँकेचा माणूस समोर उभा राहिला की केवायसी, नॉमिनेशन आणि ओटीपी कुणाला सांगू नका, एवढंच ऐकायला मिळणार असं तुम्हाला वाटत असेल. ते सगळं महत्त्वाचं आहेच. पण आज मी सुट्टीबद्दल बोलणार आहे. मुलाबाळांना घेऊन वर्षातून एकदा कुठंतरी जावं, चार दिवस स्वयंपाकघर बंद राहावं, आईवडिलांनाही बरोबर न्यावं, ही इच्छा चुकीची नाही. बचत करायची ती जगण्यासाठीच.

याच इच्छेवर एक मोठी खरेदी उभी आहे. तिला टाइमशेअर म्हणतात, हॉलिडे मेंबरशिप म्हणतात, व्हेकेशन क्लब म्हणतात. मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर कुणीतरी एक कूपन भरून घेतं. दोन दिवसांनी फोन येतो, "सर, अभिनंदन, तुम्हाला तीन दिवसांची सहल भेट लागली आहे. मॅडमना घेऊन हॉटेलवर या." तिथं दीड-दोन तास सादरीकरण चालतं आणि शेवटी एक आकडा समोर येतो. चार लाख, सहा लाख, कधी त्याहून जास्त. "ही ऑफर फक्त आजची आहे." दुसऱ्या दिवशी तो खातेदार आमच्या काउंटरवर असतो, एफडी मोडायला.

ही मेंबरशिप वाईटच आहे असं सांगायला मी आलेली नाही. काही कुटुंबांना ती परवडते आणि ती खूशही आहेत. माझं म्हणणं इतकंच की ही गुंतवणूक नाही, हा पंचवीस वर्षांचा खर्च आहे आणि तो आज एकदम केला जातो. तेव्हा त्याचा हिशेब खर्चासारखाच करायचा. कसा, ते आज बघू.

नेमकं काय विकत घेतो आपण?

ही कल्पना युरोपातून आली. भारतात ती १९८०च्या दशकात रुजली. स्टर्लिंग हॉलिडेज १९८६मध्ये सुरू झाली, महिंद्र हॉलिडेज १९९६मध्ये. मूळ विचार साधा आहे. डोंगरात एक घर घेतलं तर ते वर्षाचे पन्नास आठवडे बंद राहतं. मग बावन्न कुटुंबांनी मिळून ते वापरलं तर? प्रत्येकाला एक आठवडा.

पण आपल्याकडे आज जे विकलं जातं त्यात बहुतेक वेळा घराची मालकी नसते. तुम्हाला मिळतो तो वापरण्याचा हक्क. ठरावीक वर्षं, वर्षाला ठरावीक रात्री, ठरावीक आकाराची खोली, ठरावीक हंगामात. जमिनीवर तुमचं नाव लागत नाही, सातबारा नाही, नोंदणीकृत खरेदीखत नाही. मुदत संपली की हक्क संपतो आणि हातात काही उरत नाही. म्हणून "सर, ही तुमची प्रॉपर्टीच समजा" हे वाक्य ऐकलं की तिथंच थांबा आणि विचारा, "मग खरेदीखत कधी करताय?"

आणि एक लक्षात घ्या. तुम्ही विकत घेता ती फक्त खोली. रेल्वेचं किंवा विमानाचं तिकीट, गाडी, जेवण, फिरणं हे सगळं वेगळं. असे रिसॉर्ट बऱ्याचदा गावापासून लांब असतात, त्यामुळे चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत तिथलाच भाव द्यावा लागतो.

पहिला हिशेब: एका रात्रीचा भाव

कागद-पेन्सिल घ्या. मी सोपे आकडे घेते. तुमच्यासमोर जो कागद येईल त्यातले आकडे तुम्ही घाला, रीत तीच राहील.

समजा मेंबरशिप २५ वर्षांची आहे, वर्षाला ७ रात्रींची. किंमत ४ लाख रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७२ हजार. एकूण ४ लाख ७२ हजार. सादरीकरणात ४ लाखच सांगितले जातात, कर शेवटच्या पानावर भेटतो.

शिवाय दरवर्षी देखभाल शुल्क असतं. तुम्ही गेलात तरी द्यायचं आणि नाही गेलात तरी बहुतेक करारांत द्यायचंच. ते १५ हजार धरू. त्यावरही १८ टक्के, म्हणजे १७ हजार ७००.

आता विक्रेता काय सांगतो? "चार लाख भागिले २५ वर्षं, भागिले सात रात्री. साधारण २,३०० रुपयांत रिसॉर्टची खोली!" ऐकायला छान वाटतं. पण यात कर धरलेला नाही, वार्षिक शुल्क धरलेलं नाही आणि तुमचे पैसे आज गेले, सुट्टी मात्र पंचवीस वर्षांत तुकड्यातुकड्यानं मिळणार, हेही धरलेलं नाही.

कर आणि शुल्क तेवढं मिळवू. ४ लाख ७२ हजार भागिले २५, म्हणजे वर्षाला १८,८८०. त्यात १७,७०० मिळवा. झाले ३६,५८०. भागिले सात रात्री. एका रात्रीचे ५,२२६ रुपये. २,३०० कुठं आणि ५,२२६ कुठं!

दुसरा हिशेब: तेच पैसे तुमच्याजवळ राहिले तर?

ही बँकेची भाषा आहे, पण अवघड नाही. ४ लाख ७२ हजार रुपये तुम्ही ठेवीत ठेवले आणि साडेसहा टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ३०,६८० रुपये व्याज येतं. मेंबरशिप घेतली नाही म्हणून वार्षिक शुल्काचे १७,७०० वाचले. दोन्ही मिळून ४८,३८०. सात रात्रींनी भागा. पहिल्या वर्षी तुम्ही रात्रीला सुमारे ६,९०० रुपयांची खोली घेऊ शकता आणि मुद्दल जशीच्या तशी राहते.

इथं विक्रेत्याचा एक मुद्दा रास्त आहे आणि तो मान्य केला पाहिजे. तो म्हणतो, "मॅडम, हॉटेलची भाडी वाढत जाणार. तुमचं व्याज तेवढंच राहणार." बरोबर. म्हणून मी भाडेवाढ धरूनही हिशेब मांडला. भाडं दरवर्षी ५ टक्के वाढतं, देखभाल शुल्कही ५ टक्के वाढतं, ठेवीवर साडेसहा टक्के मिळतात आणि दरवर्षी लागेल तेवढी रक्कम ठेवीतून काढत जायची, असं धरलं. पंचविसाव्या वर्षी ठेव संपते. तोपर्यंत तुम्ही आजच्या भावानं रात्रीला सुमारे ५,७०० रुपयांची खोली घेत राहू शकता. व्याजावर २० टक्के दरानं प्राप्तिकर भरत असाल तर हा आकडा ५,३००च्या आसपास येतो.

म्हणजे या उदाहरणात कसोटी काय ठरली? साधारण साडेपाच हजार. त्याच ठिकाणी, त्याच तारखांना, तशीच खोली, कर धरून, साडेपाच हजारांच्या आत मिळत असेल तर मेंबरशिप महाग आहे. आठ-नऊ हजारांना मिळत असेल तर मेंबरशिपचा विचार करता येतो. हा भाव शोधायला दहा मिनिटं लागतात. ज्या रिसॉर्टची चित्रं दाखवली, त्यांपैकी काही ठिकाणी सभासद नसलेल्यांनाही खोल्या मिळतात. त्याच रिसॉर्टचा आणि शेजारच्या दोन चांगल्या हॉटेलांचा भाव फोनवर बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून साडेसात हजारांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, तोही मिळवा.

आणि स्वतःला आणखी एक प्रश्न विचारा. आज तुम्ही सहलीला जाता तेव्हा किती रुपयांच्या खोलीत राहता? अडीच हजारांच्या खोलीत कुटुंब आनंदानं राहत असेल, तर साडेपाच हजारांची खोली "सवलतीत" घेऊन बचत होत नाही. खर्च दुप्पट होतो.

वार्षिक शुल्क: हळूहळू वाढणारा खर्च

लोक किमतीवर घासाघीस करतात आणि शुल्काकडे बघतही नाहीत. आपल्याच उदाहरणात १७,७०० रुपये दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेले, तर पंचविसाव्या वर्षी ते ५७ हजार होतात. पंचवीस वर्षांत एकूण ८ लाख ४४ हजार भरले जातात. मेंबरशिपच्या किमतीच्या जवळजवळ पावणेदोन पट! वाढ ८ टक्के झाली तर एकूण १२ लाख ९० हजारांच्या पुढे जातात आणि शेवटच्या वर्षाचं शुल्क १ लाख १२ हजार होतं.

आज तुमचं वय ४५ असेल तर शेवटचं शुल्क तुम्ही सत्तरीच्या उंबरठ्यावर भरणार आहात, म्हणजे निवृत्तीनंतर, पेन्शनमधून किंवा व्याजातून. म्हणून करारात एकच ओळ शोधा. शुल्क कशानुसार वाढेल आणि वाढीला कमाल मर्यादा आहे का? "कंपनी वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे" असं लिहिलेलं असेल, तर तुम्ही पंचवीस वर्षांसाठी कोरा धनादेश देताय असं समजा.

सात रात्री खरंच वापराल का?

माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत इथं होते. वरचा सगळा हिशेब दरवर्षी सातही रात्री वापरल्या असं धरून केला. सरासरी पाचच वापरल्या तर साडेपाच हजारांची खोली आठ हजारांना पडते. चार वापरल्या तर दहा हजारांना.

आमच्याकडे एक जोडपं पाच लाखांची एफडी मोडायला आलं होतं. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली. मी काकांना म्हटलं, "मोडून देते, तुमचेच पैसे आहेत. फक्त एक सांगा, गेल्या दहा वर्षांत चार दिवसांहून मोठ्या सहली किती झाल्या?" काका म्हणाले, "होतात की दरवर्षी." काकूंनी बोटं मोजली. एक केरळ, एक काश्मीर, एकदा गोवा आणि एक अष्टविनायक, तीही तीन दिवसांची. बाकी सुट्ट्या गावाकडची लग्नं, माहेर आणि आजारपणं यांत गेल्या होत्या. दोन दिवस विचार करून येतो म्हणाले आणि आले ते एफडी पुढं चालू ठेवायला.

तुम्हीही अशी बोटं मोजा. घरात दोन मुलं असतील तर दोघांची दहावी-बारावी मिळून चार वर्षं तशीच जातात. आईवडिलांची तब्येत, नोकरीतली बदली, घराचं काम. आज दहा वर्षांचा मुलगा आठ वर्षांनी कॉलेजला बाहेरगावी जाईल आणि पंचवीस वर्षं संपतील तेव्हा तो पस्तीस वर्षांचा असेल. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात, असं काही योजनांत असतं. पण किती वर्षं, किती रात्री आणि जास्तीचं शुल्क न भरता का, हे वाचून घ्या.

हंगाम आणि बुकिंग

सगळे आठवडे सारख्या भावाचे नसतात. हंगामांना कुणी पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू अशी रंगांची नावं देतं, कुणी सरळ पीक आणि ऑफ म्हणतं. स्वस्त योजना बहुतेक वेळा कमी मागणीच्या हंगामाची असते. पावसाळ्यात मुन्नार किंवा भर उन्हाळ्यात राजस्थान. तुमच्या मुलांची शाळा कधी बंद असते? महाराष्ट्रात मे महिना, दिल्ली-इंदूरकडे मे-जून, कर्नाटकात एप्रिल-मे. आणि सगळीकडे दिवाळी नाहीतर नाताळ. नेमके हेच आठवडे सगळ्यांना हवे असतात. या आठवड्यांचा हक्क तुमच्या योजनेत नसेल, तर शाळेत मुलं असलेल्या कुटुंबाला त्या मेंबरशिपचा उपयोग फारसा नाही.

हक्क असला तरी खोली "उपलब्धतेनुसार" मिळते. मे महिन्यातली मनाली हवी तर कित्येक महिने आधी बुकिंग करावं लागतं. आता रेल्वेचं आरक्षण बघा. १ नोव्हेंबर २०२४पासून ते १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलं होतं. म्हणजे खोली आधी धरायची आणि तिकिटाची वाट बघायची. तिकीट मिळालं नाही तर खोली रद्द करताना किती रात्री कापल्या जातात, हेही विचारून ठेवा.

याची खात्री करायची एक सोपी युक्ती सांगते. विक्रेत्याला म्हणा, "येत्या दिवाळीच्या आठवड्यात या तीन ठिकाणी माझ्या योजनेतल्या सभासदाला खोली आहे का, ते आत्ता स्क्रीनवर दाखवा." उत्तर कसं मिळतं त्यावरून बरंच कळेल.

हप्त्यांवर घेतली तर

"आज फक्त ७२ हजार भरा, बाकीचे हप्त्यांनी." बाकीचे ४ लाख १५ टक्के दरानं चार वर्षांत फेडायचे असतील, तर महिन्याचा हप्ता सुमारे ११,१३० रुपये होतो. एकूण व्याज १ लाख ३४ हजार. आपला पाच-साडेपाच हजारांचा रात्रीचा भाव आणखी वर चढला. घरासाठी कर्ज काढलं तर घर राहतं. सुट्टीसाठी काढलं तर फोटो राहतात.

हप्त्यांबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कर्ज बँक किंवा फायनान्स कंपनी देत असेल तर तो स्वतंत्र करार असतो. रिसॉर्टमध्ये खोली मिळाली नाही म्हणून हप्ता थांबत नाही. दोन, १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी अशा किरकोळ कर्जांसाठी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' म्हणजे मुख्य माहितीचा तक्ता द्यायलाच हवा. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा व्याजदर लिहिलेला असतो. तो मागून घ्या. तीन, चिडून खात्यातली ऑटो-डेबिटची परवानगी एकदम बंद करू नका किंवा खातं रिकामं ठेवू नका. पैसे नसल्यानं हप्ता परत गेला तर चेक बाउन्ससारखीच कायदेशीर कारवाई होऊ शकते आणि क्रेडिट स्कोअर खराब होतो तो वेगळाच. आधी करार लेखी रद्द करा, पोच घ्या, मग बँकेत या.

परतावा देतो म्हणणारा क्लब

आता जरा गंभीर गोष्ट. काही मंडळींनी सुट्टीच्या नावाखाली ठेवीच गोळा केल्या. "रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर पैसे वाढून परत." मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. कुणाच्या घरी ते प्रमाणपत्र अजून कपाटात असेल. सेबीनं फेब्रुवारी २०१६मध्ये आदेश दिला की ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, पैसे परत करा. ५० लाखांहून अधिक लोक आणि ७ हजार कोटींहून अधिक रुपये. त्याआधी २०१५मध्ये रॉयल ट्विंकल स्टार क्लबच्या हॉलिडे प्लॅनबाबतही सेबीनं असाच आदेश दिला होता. आदेश निघाला म्हणजे पैसे हातात आले असं होत नाही. जप्ती, लिलाव, कोर्ट यांत वर्षांमागून वर्षं जातात. त्यात अडकलेले बहुतेक तुमच्या-आमच्यासारखेच होते. ओळखीच्या एजंटावर विश्वास ठेवून महिन्याला थोडे थोडे भरणारे.

म्हणून हा नियम लक्षात ठेवा. सुट्टी विकणारा परताव्याची भाषा बोलू लागला की उठायचं. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागं ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. मेंबरशिपच्या पैशाला असं कुठलंही संरक्षण नाही. कंपनी बुडाली तर पैसे आणि सुट्टी दोन्ही जातात.

बाहेर पडायचं दार कुठं आहे?

घरात शिरण्याआधी दार कुठं आहे ते बघावं. युरोपीय संघात टाइमशेअरचा करार १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो, तसा कायदाच आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. काही कंपन्या करारातच दहा दिवसांची मुदत देतात. ती किती दिवसांची आहे, कोणत्या तारखेपासून मोजायची आणि किती रक्कम परत मिळेल, हे सही करण्याआधी वाचा. मुदतीत रद्द करायचं असेल तर फोनवर बोलून थांबू नका. ईमेल करा, स्पीड पोस्टानं पत्र पाठवा, पावती जपून ठेवा.

मुदत गेल्यावर बाहेर पडणं महाग होतं. किमतीचा मोठा भाग प्रवेश शुल्क म्हणून धरला जातो आणि तो परत मिळत नाही. दुसऱ्याला विकायची म्हटलं तर गिऱ्हाईक सहज मिळत नाही, मिळालं तर भाव पडलेला असतो आणि वर कंपनीचं हस्तांतर शुल्क. याच अडचणीचा फायदा घेणारे ठग आहेत. "तुमची मेंबरशिप आठ लाखांना घेणारा माणूस आहे, फक्त आधी जीएसटीचे चाळीस हजार भरा." आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. दिलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवा आणि बँकेलाही सांगा.

तक्रार असेल तर आधी कंपनीकडे लेखी करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथंही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. करारात "फक्त चेन्नईच्या" किंवा "फक्त मुंबईच्या न्यायालयात" असं लिहिलेलं असलं तरी घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९प्रमाणे तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, मग तुम्ही बडोद्याला असा, बेळगावला असा की हैदराबादला. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. कर्ज देणाऱ्या बँकेची किंवा फायनान्स कंपनीची वागणूक चुकीची असेल, तर तेवढ्यापुरतं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. रिसॉर्टच्या तक्रारी तिथं ऐकल्या जात नाहीत.

मग कुणाला परवडते?

ज्यांच्याकडे सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे बाजूला आहेत, आरोग्य विमा आणि मुदत विमा आहे, क्रेडिट कार्डाची थकबाकी नाही. जे गेली काही वर्षं खरोखर दरवर्षी आठवडाभर फिरतात आणि तशाच दर्जाच्या खोलीत राहतात. ज्यांना तारखा आधी ठरवता येतात किंवा शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही. जे पूर्ण रक्कम कर्ज न काढता देऊ शकतात. आणि ज्यांच्या मनात "पैसे परत मिळतील" हा विचार नाही. या पाचही गोष्टी जुळत असतील तर खुशाल घ्या, आनंदानं फिरा. एखादी जुळत नसेल तर थांबा.

बाकीच्यांसाठी दुसरा रस्ता आहे आणि तो कंटाळवाणा असला तरी चांगला आहे. सहलीचं वेगळं आरडी खातं उघडा. महिन्याला ३ हजार रुपये टाकले, तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाअखेर सव्वासदतीस हजारांच्या आसपास जमतात. ज्या वर्षी जाणं झालं नाही, त्या वर्षीचे पैसे तुमचेच राहतात, पुढच्या वर्षी मोठी सहल करा. वार्षिक शुल्क नाही. अडचण आली तर तेच पैसे दवाखान्यालाही चालतात. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, मध्य प्रदेश, हिमाचल अशा अनेक राज्यांच्या पर्यटन महामंडळांची निवासस्थानं आहेत, देवस्थानांची भक्त निवास आहेत, अनेक कार्यालयांची स्वतःची हॉलिडे होम आहेत. आधी ती बघा. नोकरदारांनी एलटीसीचं लक्षात ठेवावं. ती सवलत जुन्या करप्रणालीत आणि फक्त प्रवासभाड्यावर मिळते, मेंबरशिपवर नाही.

सही करण्यापूर्वी

हे प्रश्न कापून पाकिटात ठेवा.

१. कर धरून एकूण किंमत किती? वार्षिक शुल्क किती आणि वाढीला मर्यादा आहे का?
२. कोणता हंगाम, किती माणसांची खोली, किती रात्री? शाळेच्या सुट्टीचे आठवडे त्यात येतात का?
३. न गेलेल्या वर्षी शुल्क भरायचं का? रात्री पुढं नेता येतात का?
४. किती दिवसांत रद्द करता येतं आणि किती रक्कम परत मिळते?
५. सभासदाचा मृत्यू झाला तर हक्क कुणाकडे जातो आणि शुल्काची जबाबदारी कुणावर येते?
६. तोंडी दिलेली प्रत्येक भेट, मोफत विमान तिकीट, परदेशातली अदलाबदल, हे करारात लिहिलेलं आहे का? लिहिलेलं नसेल तर ते मिळणार नाही असं धरा.
७. करार घरी नेऊन वाचायला मिळेल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. "आजच सही केली तरच हा भाव" म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करा आणि घरी या. सादरीकरणाला जाताना क्रेडिट कार्ड आणि चेकबुक घरी ठेवून गेलात तर आणखी उत्तम. रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून एका रात्रीचा भाव काढा आणि गेल्या दहा वर्षांच्या सहली मोजा. आकडे जुळले तर घ्या. जुळले नाहीत तर सोमवारी बँकेत या, आपण आरडी उघडू. एफडी मोडायची असेल तरी या. पण हा कागद भरून घेऊन या.